चढ जमतो, उतार जमत नाही: साठीच्या आसपास डोंगरातली अल्ट्रा

या वेळची बहुतेक पत्रं पन्नाशी-साठीतल्या लोकांची आहेत आणि सगळ्यांनाच डोंगरात पळायचंय. मी स्वतः ४९ व्या वर्षी पळायला लागले, आता ६४ पूर्ण होतील, त्यामुळे एकेक पत्र वाचताना मला जे चुकतमाकत कळलं ते यांना आधीच सांगावं असं फार वाटत होतं. चार पत्रं निवडलीत. पहिल्याला जास्त जागा दिलीये कारण त्यातलं दुखणं जवळपास सगळ्यांचंच आहे.

प्रश्न: ताई नमस्कार, माझं वय ५८. गेली सात वर्षं पळतोय, हाफ मॅरेथॉन बऱ्याच झाल्या, फुल दोन. आता आठ महिन्यांनी डोंगरातली ५० किलोमीटरची अल्ट्रा (मॅरेथॉनहून लांब शर्यत) आहे, एकूण चढ २५०० मीटर, कटऑफ (शर्यत संपवायची मुदत) १४ तास, नाव नोंदवून बसलोय. आठवड्यातून पाच दिवस पळतो, ४५ किलोमीटर होतात, दर रविवारी डोंगर. मागच्या महिन्यात २२ किलोमीटरचा ट्रेल (डोंगरवाटेवरचा रन) केला, चढताना मस्त वाटत होतं, वीस वर्षांनी लहान पोरांच्या बरोबरीनं चढलो, पण उतरताना शेवटच्या पाच किलोमीटरला मांड्या थरथरायला लागल्या आणि नंतर चार दिवस जिना उतरताना कठडा धरावा लागला. घरचे म्हणतात आता वय झालं, पुरे करा. खरंच उशीर झालाय का? आणि आठवड्याला किती किलोमीटर केले म्हणजे जमेल?

उत्तर: दादा, उशीर झालेला नाही. माँ ब्लाँ पर्वताला वळसा घालणारी यूटीएमबी नावाची शर्यत आहे, दीडशे किलोमीटरच्या वर अंतर आणि रात्रभर चढउतार, ती २००६ साली इटलीच्या मार्को ओल्मोनं जिंकली तेव्हा तो ५७ वर्षांचा होता आणि पुढच्या वर्षी त्यानं ती परत जिंकली. आपण ओल्मो नाही हे मला मान्य आहे, पण त्या वयात शरीर डोंगर सोसू शकतं एवढं तरी त्यातून कळतं ना. घरच्यांना हे जरूर सांगा.

आता तुमच्या पत्रातली खरी गोष्ट. तुम्ही विचारलंय किती किलोमीटर, पण तुमचं अडलंय किलोमीटरवर नाही, तुमचं अडलंय उतारावर. चढताना मांडीचा स्नायू आखडत आखडत जोर लावतो, त्यात धाप लागते पण स्नायूला फारशी इजा होत नाही. उतरताना उलटं असतं, प्रत्येक पावलाला तोच स्नायू ताणला जात असतो आणि ताणला जात असतानाच त्याला सगळं वजन धरून ठेवायचं असतं, म्हणजे ब्रेक दाबून गाडी उतरवल्यासारखं, आणि त्यात स्नायूचे बारीक तंतू फाटतात. म्हणून दुखणं त्याच दिवशी नाही तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जास्त येतं आणि म्हणून जिना चढता येतो पण उतरता येत नाही. हे पंचविशीतल्या पोरांनाही होतं, फक्त त्यांचं दोन दिवसांत भरून निघतं आणि आपल्याला चार-पाच लागतात.

यात एक फार चांगली गोष्ट आहे जी सवयीच्या रस्त्यावर पळणाऱ्यांना माहीत नसते. स्नायूला असा उताराचा मार एकदा बसला आणि तो नीट भरून आला की पुढच्या वेळी तेवढ्याच उताराला तो बराच कमी दुखतो, आणि हे संरक्षण काही आठवडे टिकतं. म्हणजे तुमचा तो २२ किलोमीटरचा ट्रेल वाया गेला नाही, तो पहिला डोस होता. आता दर दोन आठवड्यांनी एक उताराचा सराव ठेवा, सुरुवातीला २०० मीटरची उतरण, मग ३००, मग ४००, हळूहळू वाढवत न्या आणि दुसऱ्या दिवशी पाय किती भरून येतात ते वहीत लिहा. दोन दिवसांपेक्षा जास्त दुखलं तर डोस जास्त झाला, पुढच्या वेळी तिथेच थांबायचं, वाढवायचं नाही. शर्यतीच्या आधीचा शेवटचा मोठा उतार दोन ते तीन आठवडे आधी झालेला असू दे, त्यानंतर नाही.

उतरण्याची पद्धतही बघा. घाबरलो की आपण मागे रेलतो आणि टाच आपटत लांब टांगा टाकतो, त्यानं गुडघ्याला हिसका बसतो आणि सुट्या मुरमाच्या घसाऱ्यावर टाच सटकते ती वेगळीच. पावलं आखूड आणि भराभर, गुडघा किंचित वाकलेला, अंग उताराच्या बाजूला थोडं झुकलेलं, हात बाजूला मोकळे. पहिले काही दिवस विचित्र वाटेल, मग जमतं.

आता गणित करू, कारण मला वाटतं तुम्ही अजून रस्त्याच्या हिशोबानं विचार करताय. ट्रेलच्या लोकांचा एक सोपा हिशोब आहे, अंतरात दर १०० मीटर चढामागे एक किलोमीटर मिळवायचा. तुमचे ५० किलोमीटर आणि २५०० मीटर चढ, म्हणजे ५० अधिक २५, मेहनत झाली ७५ किलोमीटरची. दुसरा हिशोब याहून जुना, १८९२ सालचा, स्कॉटलंडच्या विल्यम नेस्मिथ नावाच्या गिर्यारोहकाचा: चालणाऱ्या माणसाला साधारण पाच किलोमीटरला एक तास, वर दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. तुमच्यासाठी १० तास अधिक ४ तास १० मिनिटं, म्हणजे १४ तास १० मिनिटं, आणि तुमचा कटऑफ आहे १४! बघा म्हणजे, झपाझप चालणारा धडधाकट माणूस न थांबता चालला तरी जेमतेम दहा मिनिटांनी चुकतो. तुम्हाला सपाटीवर आणि सोप्या उतारावर हलकं पळून थोडी वेळ कमवायची आहे, मदत केंद्रावर थांबायला आणि दमलेल्या शेवटच्या तासांसाठी, बाकी चढ सगळे चालायचेत. यूटीएमबीत पुढे असणारे लोकसुद्धा तीव्र चढ चालतच जातात. म्हणून चालण्याचा सराव करा, मनापासून, कमीपणा वाटून घेऊ नका. तीव्र चढ, हात मांडीवर टेकवून किंवा काठ्या घेऊन, एकसारख्या लयीत ४० मिनिटं न थांबता. हे ज्यानं केलंय तो शर्यतीत पळणाऱ्यांना गाठतो, मी कितीदा पाहिलंय.

आठवड्याचं म्हणाल तर माझं स्पष्ट मत आहे की आपल्या वयात सात दिवसांचा आठवडा पुरत नाही. मी नऊ-दहा दिवसांचा धरते. त्यात एक लांब डोंगर, एक चढाचं सेशन, ताकदीचे दोन व्यायाम, दोन-तीन अगदी हलके रन आणि बाकी सगळी विश्रांती, आणि उताराचा सराव वर सांगितला तसा दर दोन आठवड्यांनी. नोकरीमुळे रविवारच मिळत असेल तर एक रविवार डोंगर आणि पुढचा रविवार सपाट हलका रन, पण दर रविवारी डोंगर नको, तुम्ही आत्ता तेच करताय आणि पाय भरून यायच्या आत परत ओझं टाकताय. अंतर आणि चढ एकाच आठवड्यात वाढवू नका, एका वेळी एकच. किलोमीटर मोजण्यापेक्षा तास आणि मीटर चढ मोजा. शेवटच्या दोन-अडीच महिन्यांत एक-दोनदा सहा-सात तासांचा दिवस व्हायला हवा, त्याहून लांब जायची गरज नाही, त्यातून मिळतं त्यापेक्षा भरून यायला लागणारा वेळ जास्त असतो.

ताकदीचा व्यायाम टाळू नका, आणि इथे मी हट्टानं सांगते कारण मी टाळला होता. ५५ व्या वर्षी एका महिन्यात चढ दुप्पट केला आणि टाचेच्या वरची शीर, म्हणजे अकिलीस, अशी धरली की पाच महिने गेले. वयाबरोबर स्नायू कमी होतातच, पण शिरा आणि स्नायूबंध त्याहून सावकाश जुळवून घेतात, दम वाढलेला असतो आणि टाच अजून तयार नसते, घोळ तिथे होतो. साधारण वीतभर उंचीची पायरी घ्या, एका पायावर उभं राहून दुसरा पाय चार आकडे मोजत खाली सोडा, टेकवा, परत वर. प्रत्येक पायाला आठदा, असे तीन वेळा. पोटरीसाठी पायरीच्या कडेवर चवडे ठेवून टाचा सावकाश खाली सोडायच्या. स्वीडनच्या हाकन आल्फ्रेडसन यांनी १९९८ मध्ये मांडलेला प्रसिद्ध क्रम असाच आहे, १५ ची तीन आवर्तनं, दिवसातून दोनदा, बारा आठवडे. तो दुखऱ्या टाचेसाठी आहे, दुखत असेल तर फिजिओला दाखवून करा, दुखत नसेल तर त्याच्या अर्ध्याहून कमी पुरतं.

आणि खाणं. तरुणांच्या स्नायूला थोड्या प्रोटीनवर काम भागतं, आपल्याला एका वेळी जास्त लागतं. दिवसाला किलोमागे १.२ ते १.६ ग्रॅम, म्हणजे वजन ७० असेल तर ८४ ते ११२ ग्रॅम, आणि ते रात्रीच्या जेवणात कोंबून चालत नाही, तीन-चार वेळा विभागून घ्यायचं. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. लांब रनला तासाला ३० ते ६० ग्रॅम कार्बोहायड्रेट घ्यायची सवय आत्तापासून लावा, पोटालाही सराव लागतो, शर्यतीच्या दिवशी नवीन काही तोंडात घालू नका.

प्रश्न: माझं वय ६३, बाई आहे, एकटीच ट्रेलला जाते. संध्याकाळी उतरताना दोनदा पडले, एकदा मनगट चांगलंच सुजलं. चढताना काही होत नाही, उतरताना पायाखालचा दगड नीट कळतच नाही, आणि आता मनात भीती बसलीये. प्रोग्रेसिव्ह चष्मा आहे. शर्यतीचे शेवटचे दोन तास अंधारात आहेत, सोडून देऊ का?

उत्तर: ताई, सोडू नका, आधी चष्मा बघा. प्रोग्रेसिव्ह चष्म्याचा खालचा भाग वाचायला असतो, पुस्तक हातात धरलं की ते जेवढ्या अंतरावर असतं तेवढ्यासाठी, आणि उतरताना आपण नेमकं त्याच भागातून पायाकडे बघतो म्हणून दगड पुसट दिसतो आणि खोली कळत नाही. तुमचा पाय चुकत नाहीये, तुम्हाला दिसतच नाहीये! डोळ्यांच्या डॉक्टरांना सांगा की मला डोंगरासाठी फक्त लांबचा, एकाच नंबरचा वेगळा चष्मा हवाय. त्याबरोबर मोतीबिंदू तपासून घ्या, त्याची सुरुवात असेल तर संधिप्रकाशात आणि समोरच्या दिव्याच्या झोतात जास्त त्रास होतो. वयानं बाहुलीही लहान होते, अंधारात ती विशीतल्यासारखी उघडत नाही, त्यामुळे तरुण मैत्रीण म्हणेल अजून दिसतंय की, तरी तुम्ही दिवा लावा, तिचं ऐकू नका.

दिव्याचं अजून एक. कपाळावरचा हेडलॅम्प डोळ्यांच्या अगदी जवळ असतो म्हणून दगडाची सावली दगडामागेच लपते आणि सगळी वाट सपाट दिसते. एक दिवा कमरेला बांधा किंवा हातात धरा, प्रकाश खालून तिरका पडला की सावल्या लांब होतात आणि खड्डा-उंचवटा लगेच कळतो. मला हे कळलं त्या रात्री मी अक्षरशः वेगळ्याच वाटेवर चालतेय असं वाटलं. नजर पायाशी नको, चार-पाच पावलं पुढे.

तोल हा सराव करून सुधारतो. दात घासताना एका पायावर उभ्या राहा, एक मिनिट जमलं की भिंतीजवळ उभं राहून डोळे मिटून, मग उशीवर. काठ्या वापरा, उतारावर त्यांनी गुडघ्यावरचा भारही कमी होतो, फक्त खडकाळ उतारावर मनगटातले पट्टे काढून ठेवा म्हणजे पडताना हात मोकळा राहील. आणि मनगट सुजलं म्हणताय तर हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी झालीये का? पाळी गेल्यानंतर हाडं झपाट्यानं विरळ होतात, पळणाऱ्या बाईचीही होतात, ही तपासणी करून मगच उताराचा वेग ठरवा. एकटीनं जाणं दिवसा ठीक आहे, अंधाराचा सराव कुणाला तरी बरोबर घेऊनच.

तुम्हाला एक नाव सांगते. कॅलिफोर्नियातली वेस्टर्न स्टेट्स शर्यत, १०० मैल, ३० तासांची मुदत. २०१५ मध्ये गनहिल्ड स्वॉन्सन या ७० वर्षांच्या बाईंनी ती २९ तास ५९ मिनिटं ५४ सेकंदांत पूर्ण केली, सहा सेकंद शिल्लक होते. सत्तरी गाठलेल्या बाईनं ती मुदतीत पूर्ण केल्याची ती पहिलीच वेळ. अख्खी रात्र त्याही अंधारातच होत्या.

प्रश्न: वय ५४, बीपीची गोळी चालू आहे. लाँग रनच्या आधी सवयीनं एक पेनकिलर घेतो म्हणजे गुडघा त्रास देत नाही, आणि डिहायड्रेशन नको म्हणून तासाला एक लिटर पाणी पितो. चालेल ना?

उत्तर: नाही चालणार, दोन्ही बंद करा. आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या मूत्रपिंडाकडे जाणारं रक्त कमी करतात, लांब श्रमात ते आधीच कमी झालेलं असतं, त्यात स्नायूंची मोडतोड होऊन तो कचराही मूत्रपिंडालाच गाळायचा असतो, आणि बीपीच्या काही गोळ्या या मिश्रणात आणखी भर घालतात. तुमची गोळी कोणती आणि शर्यतीच्या दिवशी ती कधी घ्यायची हे डॉक्टरांनाच विचारा, स्वतःच्या मनानं बंद करू नका. रन नंतर लघवी कोलासारखी गडद झाली तर घरी वाट बघत बसायचं नाही, सरळ हॉस्पिटल.

पाण्याचं म्हणाल तर जास्त पाण्यानं रक्तातलं सोडियम पातळ होतं, ते १३५ च्या खाली गेलं की मळमळ, डोकेदुखी, बोटं सुजणं, मग गोंधळल्यासारखं वागणं, आणि लोक त्याला डिहायड्रेशन समजून अजून पाणी पाजतात. यात माणसं दगावलीयेत. तहानेप्रमाणे प्या, पण वयानं तहानेची जाणीव थोडी बोथट होते म्हणून लाँग रनच्या आधी आणि नंतर वजन करा. किलो-दीड किलो कमी झालं तर ठीक, वाढलं तर पाणी नक्की जास्त झालंय. आणि जो गुडघा गोळीशिवाय पळू देत नाही तो फिजिओला दाखवा.

प्रश्न: मी २९ वर्षांची आहे, प्रश्न बाबांबद्दल आहे. ते ६६ चे, निवृत्तीनंतर ट्रेल रनिंगचं वेड लागलंय, आता ६० किलोमीटरची डोंगरातली शर्यत करायचीये. साधा ईसीजी नॉर्मल आलाय म्हणून ते निश्चिंत आहेत. घड्याळात हार्ट रेट कधीकधी एकदम १७० दाखवतो, म्हणतात घड्याळ बिघडलंय. वजन कमी म्हणून जॅकेटही घरी ठेवतात. मी त्यांना थांबवू का?

उत्तर: थांबवू नकोस, पण तपासणीशिवाय पुढे जाऊही देऊ नकोस. आरामात पडून काढलेला ईसीजी नॉर्मल असला तरी धमन्यांमधला अडथळा त्यात दिसेलच असं नाही, त्यासाठी ट्रेडमिलवर चालवून स्ट्रेस टेस्ट आणि हृदयरोगतज्ज्ञांचा सल्ला हवा, ते सांगतील तर पुढच्या तपासण्याही. त्या १७० ला मी हलक्यात घेणार नाही. ६६ व्या वर्षी कमाल हार्ट रेट साधारण २०८ वजा वयाच्या ७० टक्के, म्हणजे १६२ च्या आसपास येतो, माणसामाणसांत दहा-बारा ठोक्यांचा फरक सहज असतो आणि मनगटावरची घड्याळं चुकतातही, हे सगळं खरं. पण वर्षानुवर्षं लांब पळणाऱ्या पुरुषांमध्ये ठोके अनियमित होण्याचा त्रास, एट्रियल फिब्रिलेशन, जास्त आढळतो आणि तो असा अचानक उडी मारलेल्या आकड्यातूनच लक्षात येऊ शकतो. छातीला पट्टा लावून दोन-चार रन करायला सांग, आकडे लिहून डॉक्टरांकडे न्या. चढावर छाती आवळणं, नेहमीच्या चढाला भलतीच धाप, चक्कर, यातलं काही असेल तर रन बंद आणि त्याच दिवशी डॉक्टर.

रिपोर्ट चांगले आले तर मग वयाचा मुद्दा काढू नकोस. दक्षिण आफ्रिकेच्या कॉम्रेड्स शर्यतीत, ती रस्त्यावरची पण जवळपास ९० किलोमीटरची, वॉली हेवर्ड १९८९ मध्ये ८० व्या वर्षी धावले आणि तेव्हाच्या ११ तासांच्या मुदतीत पोचले, दोनच मिनिटं राखून.

जॅकेटवर मात्र अजिबात ऐकून घेऊ नकोस. २०२१ च्या मे महिन्यात चीनच्या गान्सू प्रांतात १०० किलोमीटरच्या डोंगरी शर्यतीत अचानक गारा, पाऊस आणि वारा सुटला आणि २१ धावपटू गेले, थंडीनं, त्यात देशातले नावाजलेले धावपटू होते, आणि बहुतेकांच्या अंगावर पातळ कपडे होते. पळताना अंग गरम असतं तोवर काही वाटत नाही, वेग मंदावला की दहा-पंधरा मिनिटांत गारठा शिरतो, आणि वय वाढलेल्या शरीराला स्वतःला गरम ठेवणं जास्त जड जातं. वॉटरप्रूफ जॅकेट, चंदेरी इमर्जन्सी ब्लँकेट, शिट्टी आणि चार्ज केलेला फोन, सरावालासुद्धा. जॅकेट बॅगेत सगळ्यात वर ठेवायला सांग, तळाशी नको, कारण बोटं गारठली की बॅगेची चेनही उघडत नाही.